दणका पचवणारं काँक्रीट

[दृश्य: प्रयोगशाळा. दाबयंत्राच्या दोन पोलादी तबकड्यांमध्ये काँक्रीटचा क्यूब.]

निवेदन:
बांधकामाच्या साइटवर ज्यांनी कधी पाय ठेवलाय, त्यांना हा क्यूब ओळखीचा असेल. १५० मिलिमीटरचा, म्हणजे सहा इंची. स्लॅबच्या दिवशी साच्यात भरायचा, २८ दिवस पाण्यात ठेवायचा आणि मग लॅबमध्ये नेऊन फोडायचा. काँक्रीट एम-२५ असेल, म्हणजे २५ मेगापास्कल ताकदीचं (एक मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण दहा किलो भार), तर या क्यूबने साधारण ५७ टन भार घ्यायलाच हवा.

क्यूब फोडण्याचीही एक चाल ठरलेली आहे. भारतीय मानकानुसार भार मिनिटाला १४ मेगापास्कल या गतीने चढवायचा, त्याहून घाई करायची नाही. त्यामुळे एम-२५चा क्यूब फुटायला पावणेदोन-दोन मिनिटं जातात. कडेला उभ्या भेगा दिसतात, पापुद्रे सुटतात आणि काटा मागे येतो. झालं, आकडा वहीत.

हाच क्यूब अतिउच्च ताकदीच्या, म्हणजे २०० मेगापास्कलच्या काँक्रीटचा असता, तर साडेचारशे टनांनाही दाद दिली नसती. पण आपल्याकडच्या बहुतेक लॅबमधली यंत्रं २०० टनांची. क्यूब राहील जागच्या जागी, यंत्रच आधी हात टेकेल. म्हणून या काँक्रीटचे नमुने लहान घेतात.

आता याच काँक्रीटला दोन मिनिटांऐवजी सेकंदाचा हजारावा भाग मिळाला तर? शेजारी स्फोट झाला, तोफगोळा आदळला तर? आधीच सांगून टाकतो: या हिशोबात २०० हा आकडा दुय्यम आहे. दणक्याची ऊर्जा कुठे जिरते, ते बघायचं.

[दृश्य: मिक्सरमध्ये करडी, मधासारखी वाहणारी काँक्रीटची रबडी. त्यात वरून पडणाऱ्या सोनेरी तारा.]

निवेदन:
या काँक्रीटची सुरुवात १९९०च्या दशकात फ्रान्समध्ये झाली. बुईग या बांधकाम कंपनीत पिएर रिशार आणि मार्सेल शेरेझी यांनी खडी काढूनच टाकली. कारण भेग सुरू होते ती बहुधा खडी आणि सिमेंटच्या सांध्यात. उरली बारीक वाळू, क्वार्ट्झची भुकटी, सिमेंट आणि सिमेंटहूनही कितीतरी बारीक अशी सिलिका फ्यूम नावाची पूड. मोठ्या कणांमधल्या फटी लहान कणांनी भरायच्या, त्यांच्यातल्या फटी त्याहून लहान कणांनी. पाणी अगदी जेमतेम, सिमेंटच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. एवढ्या पाण्यात ते एरवी कालवलंही गेलं नसतं. वाहतं ते सुपरप्लास्टिसायझर या पातळ करणाऱ्या रसायनाच्या जिवावर.

१९९७ साली कॅनडातल्या शेरब्रूक शहरात या काँक्रीटचा पादचारी पूल उभा राहिला. ६० मीटरचा गाळा, आणि चालायच्या पृष्ठभागाची जाडी फक्त ३० मिलिमीटर. लष्करी अभियंत्यांच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. अमेरिकेत मिसिसिपीमधल्या विक्सबर्गला लष्कराच्या संशोधन केंद्राने कॉर-टफ नावाचं स्वतःचं मिश्रण बनवलं.

[दृश्य: दोन लांब, सरळ पोलादी दांडे. मध्ये चकतीएवढा काँक्रीटचा नमुना.]

निवेदन:
पण मिलिसेकंदात मोडणारी वस्तू मोजायची कशी? काट्याकडे बघून काम भागत नाही.

याचा मार्ग केंब्रिजच्या बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी १९१४ मध्ये दाखवला. लांब दांड्याच्या एका टोकाला दणका दिला, की त्यातून दाबाची लाट धावते. त्या लाटेवरून दणक्याचा हिशोब लावता येतो. हॉपकिन्सन १९१८ मध्ये विमान अपघातात गेले. पुढे १९४९ मध्ये हर्बर्ट कोल्स्की यांनी दांड्याचे दोन भाग केले आणि मधल्या फटीत नमुना ठेवला. एका बाजूने लाट येते. थोडी परत फिरते, थोडी नमुन्यातून पलीकडे जाते. दांड्यांवर चिकटवलेले स्ट्रेन गेज, म्हणजे किंचितशी लांबी-आखूडही मोजणाऱ्या पट्ट्या, दोन्ही लाटा टिपतात. सगळा खेळ काही शे मायक्रोसेकंदांचा.

यातून दिसतं ते पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं: घाईने भार दिला की काँक्रीट जास्त ताकदवान ठरतं. १९१७ मध्येच डफ अब्राम्स यांनी याची नोंद केली होती. स्फोटाच्या वेगाने दाबलं, तर साध्या काँक्रीटची ताकद दुपटीच्या घरात जाते. ताणात ही वाढ त्याहूनही मोठी असते.

कारण भेगेलाही वेळ लागतो. सावकाश भार दिला, तर ती कमकुवत वाट शोधत खडीला वळसा घालून जाते. घाई केली, की वळसा घालायला सवड नाही. खडी फोडूनच जावं लागतं, आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी. छिद्रांमधलं पाणीही अचानक हलायला विरोध करतं. शिवाय नमुन्याला बाजूंनी फुगायला वेळ मिळत नाही, त्याचं स्वतःचं जडत्वच त्याला आवळून धरतं. म्हणजे वाढलेल्या आकड्यातला काही भाग काँक्रीटचा, आणि काही निव्वळ जडत्वाचा. कुणाचा किती, यावर अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत.

अतिउच्च ताकदीच्या काँक्रीटला मात्र ही वाढ बरीच कमी मिळते. वळसा घालायला खडीच नाही, आणि छिद्रं व त्यातलं पाणी नावापुरतं. जो आधीच पहिला येतो, त्याला घाईचे जादा गुण फारसे मिळत नाहीत. साध्या काँक्रीटवरून काढलेलं वाढीचं सूत्र इथे जसंच्या तसं लावलं, तर भिंत कागदावरच मजबूत होते.

[दृश्य: भिंतीचा छेद. डावीकडून लाट शिरते, उजव्या पृष्ठभागावरून परत फिरते.]

निवेदन:
आता भिंतीकडे येऊ. स्फोट बाहेर झालाय, माणसं आत आहेत. दाबाची लाट काँक्रीटमधून सेकंदाला चार-साडेचार हजार मीटर वेगाने जाते. ३०० मिलिमीटरची भिंत ओलांडायला तिला शंभर मायक्रोसेकंदही लागत नाहीत. पलीकडच्या पृष्ठभागाच्या पुढे नुसती हवा. तिथून ती परत फिरते, आणि फिरताना दाबाची लाट ताणाची होते. काँक्रीटची ताणातली ताकद दाबातल्या ताकदीच्या जेमतेम दहावा हिस्सा. त्यामुळे आतल्या बाजूचा थर सुटतो आणि खोलीत फेकला जातो. कॅरमच्या सोंगट्या एका ओळीत एकमेकींना खेटून ठेवल्या आणि स्ट्रायकर पहिलीवर मारला, तर उडते ती शेवटची. तसंच हे. भिंत उभी असते, तिला आरपार भोकही नसतं, आणि आतला माणूस भिंतीच्याच तुकड्याने जखमी होतो.

इथे नुसती ताकद वाढवून भागत नाही. तारा न घातलेलं २०० मेगापास्कलचं काँक्रीट काचेच्या जातीचं. फुटेपर्यंत काही जाणवू देत नाही, आणि फुटतं तेव्हा ठिकऱ्या उडतात.

[दृश्य: अगदी जवळून. मोडलेल्या तुकड्याची कड, त्यातून बाहेर आलेल्या शेकडो बारीक तारा.]

निवेदन:
म्हणून या तारा. लांबी १३ मिलिमीटर, जाडी ०.२ मिलिमीटर. टायरमध्ये असते त्या प्रकारची पोलादी तार, वर पितळेचा मुलामा. सोनेरी रंग त्याचाच. आकारमानाच्या दोन टक्के घालतात, म्हणजे घनमीटरला सुमारे १५७ किलो. हिशोब केला तर सुरुवातीच्या त्या सहा इंची क्यूबमध्ये अशा दीड लाखाहून जास्त तारा बसतात.

या कडेकडे नीट बघा. तारा तुटलेल्या नाहीत, उपसून बाहेर आल्यात. सगळं कसब या उपसण्यात आहे. भेग उघडायला लागली, की तिला आडव्या असलेल्या शेकडो तारा दोन्ही बाजू धरून ठेवतात आणि घासत घासत सुटतात. दणक्याची ऊर्जा जिरते ती या घासण्यात. तार फार घट्ट बसली तर ताडकन तुटेल आणि काम संपेल. सैल बसली तर धरणारच नाही.

साधं काँक्रीट मोडायला भेगेच्या दर चौरस मीटरमागे १०० ते १५० ज्यूल ऊर्जा पुरते. तारा घातलेल्या या काँक्रीटला लागतात १५ ते ४० हजार. दाबातली ताकद आठपट, आणि मोडायची ऊर्जा शेकडोपट! जाहिरातीत मात्र आठपटच मोठ्या अक्षरांत छापतात.

या तारा ओतण्याच्या प्रवाहाबरोबर वळतात, हे साइटवरच्या माणसाला सांगायला हवं. दोन बाजूंनी ओतलेला माल जिथे येऊन भिडतो, तिथे तारा सांध्याला समांतर लोळतात, आरपार जात नाहीत. क्यूबचा रिपोर्ट झकास येतो, पॅनेल मात्र नेमकं त्या रेषेत उघडतं.

[दृश्य: संग्रहित चित्रफीत. रॉकेटच्या गाड्यावरचं लढाऊ विमान काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळून धूळ होतं.]

निवेदन:
ही चित्रफीत तुम्ही मोबाइलवर कधीतरी पाहिली असेल. १९८८, अमेरिकेतली सँडिया प्रयोगशाळा. एफ-४ फँटम विमान, वेग सेकंदाला सुमारे २१५ मीटर, समोर ३.६६ मीटर जाड ठोकळा. लोक ती ‘अजिंक्य भिंत’ म्हणून पुढे पाठवतात. ठोकळा टिकतो का, हे मुळी तपासायचंच नव्हतं. आदळताना किती बल लागतं ते जपानच्या मुतो इन्स्टिट्यूटला मोजायचं होतं, म्हणून तो हवेच्या गादीवर सरकता ठेवला होता. बहुतेक ऊर्जा विमानाचा चुरा करण्यातच गेली. खोल खड्डा पडला तो इंजिनांचा, आणि तोही ६० मिलिमीटरचा.

टणक पोलादी नाकाचा गोळा असा चुरा होत नाही, सगळी ऊर्जा समोरच्याच्या गळ्यात घालतो. तिथे काँक्रीटची ताकद वाढवली, की घुसण्याची खोली आधी कमी होते आणि मग फायदा आटत जातो. तारांनी खोली फारशी बदलत नाही. खड्ड्याचा घेर आणि मागून उडणाऱ्या ठिकऱ्या कमी होतात. जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणमधल्या फोर्दो या अणुकेंद्रावर १३,६०० किलोचे बॉम्ब टाकले. पण फोर्दो डोंगराच्या पोटात आहे; तिथलं मुख्य चिलखत खडकाचं.

[दृश्य: भट्टीचं दार. आत तापलेलं काँक्रीटचं पॅनेल.]

निवेदन:
राहता राहिली आग, जी स्फोटाच्या मागोमाग येते. इथे या काँक्रीटचा घट्टपणाच त्याच्या मुळावर येतो. आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला छिद्रं नाहीत, आणि ती काँक्रीटचे पापुद्रे फाडकन उडवते. त्यावर उपाय म्हणून पोलादी तारांबरोबर थोडे पॉलिप्रॉपिलीनचे धागेही मिसळतात. १६० अंश सेल्सिअसच्या थोडं वर गेलं की ते वितळतात, आणि त्यांच्या जागी वाफेला बाहेर पडायला वाट होते.