काडी न लावलेलं कुरण

(सकाळ. माळावर कोवळं ऊन. ट्रॅक्टर बंद उभा. वारा आणि चंडोलाचा आवाज.)

माघ संपत आला की माणदेशातला माळ असा दिसतो. वाळल्या कुसळीचा रंग, त्यात थोडी तांबूस झाक. सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, माण तालुक्यातलं हे चाळीस एकरांचं कुरण. इथं पाऊस येतो तो बहुतेक परतीचा, आणि त्यानं दिलेल्या गवतावर वर्ष काढायचं असतं.

चारा दिवाळीच्या आगेमागे कापून गंजीला लागला. मग मेंढरं फिरली, गाई फिरल्या. आता उभं दिसतंय ते जनावरांनी तोंड न लावलेलं. कुसळीच्या ताठ काड्या, तरवड, गाजरगवताची वाळकी झुडपं, कडेकडेनं वेडी बाभूळ.

याचं काय करायचं, असं इथं कुणालाही विचारा. खिशातून काडेपेटी निघते.

(शेजारचा काळा पडलेला डोंगरउतार. कॅमेरा सावकाश फिरतो. निवेदन नाही.)

कुरणाच्या मालकांना सगळे आबा म्हणतात, आपणही आबाच म्हणू. त्यांच्या आजोबांनी हे रान दावणीच्या खिल्लारांसाठी राखलं. राखलं म्हणजे अगदी शब्दशः. पहिल्या पावसापासून दसऱ्यापर्यंत आत जनावर सोडायचं नाही. बांधावरच्या दगडांना चुना फासलेला असायचा, तो दिसला की गुराखी वळून जायचा. मारवेल, पवन्या, डोंगरी, कुठं कुठं अंजन. हे गवत पेरलेलं नाही, जपलेलं आहे. गवत कापून झालं, चरून झालं, की उन्हाळ्याच्या तोंडावर रान पेटवायचं, हाही त्याच राखणीचा भाग. जाळलं की फुटवा जोमानं येतो, असं आबांनी ऐकलेलं, आणि बरीच वर्षं त्यांनी केलंही तेच.

फुटवा लवकर दिसतो हे खोटं नाही. काळ्या रानात हिरवं जरा जास्तच उठून दिसतं, हेही तितकंच खरं. मातीत जायचा पालापाचोळा मात्र धुरावाटे गेलेला असतो, आणि जमीन पावसापर्यंत उघडी पडते.

एका वर्षी आग बांध ओलांडून शेजाऱ्याच्या गंजीपर्यंत गेली. त्याचं चित्रण आमच्याकडे नाही. त्यानंतर आबांनी काडी लावली नाही.

(पत्र्याची शेड. ताडपत्री ओढून काढली जाते. लाल रंगाचं यंत्र.)

काडीऐवजी आता रान साफ करतं ते हे यंत्र. द्राक्षपट्ट्यात छाटणीच्या काड्या बारीक करायला हेच वापरतात आणि मल्चर म्हणतात. उसाच्या पट्ट्यात पाचटाची कुट्टी करायला असंच यंत्र जुंपतात. इंग्रजी नाव फ्लेल मोवर. फ्लेल म्हणजे धान्य झोडपायची जोडकाठी. एक लांब दांडा आणि त्याच्या टोकाला चामड्यानं बांधलेली दुसरी, मोकळी झुलणारी काठी. यंत्राची सगळी युक्ती त्या झुलण्यात आहे.

(कॅमेरा यंत्राच्या पोटाखाली. आबांचा हात एक पातं मागेपुढे हलवतो. टक, टक.)

ऐकलंत? पातं सैल आहे. बिघाड नव्हे, ते असंच असायला हवं. आडव्या नळकांड्याला, म्हणजे रोटरला, ही पाती बिजागरीसारखी टांगलेली असतात. रोटर फिरला की ती ताठ होऊन गवत हाणतात. दगड लागला तर मागे दुमडतात आणि पुन्हा ताठ होतात. माणदेशातल्या मुरमाड रानात हे किती कामाचं, ते इथं एकदा नांगर धरलेल्याला सांगावं लागत नाही.

स्वस्तातला पर्याय स्लॅशरचा. त्याची मोठी पाती छताच्या पंख्यासारखी आडवी फिरतात. काम झपाट्यानं होतं, देखभालही कमी. पण लागलेला दगड ते लांबवर भिरकावतं, आणि कापलेलं गवत पट्ट्यानं ढीग होऊन पडतं. ढिगाखालचं गवत पिवळं पडतं, कुजतं. मल्चर तेच बोटभर तुकडे करून सारखं पसरतो. बदल्यात तो ताकद जास्त खातो, हळू चालतो आणि महाग पडतो. चाळीस एकर नुसतं लोळवायचं असेल तर स्लॅशर पुरे. गवत जपायचं असेल तर आमचं मत मल्चरला.

निवडताना आबांनी दोन गोष्टी पाहिल्या. पहिली रुंदी. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा यंत्र अरुंद असेल, तर चाकाखाली दबलेलं गवत तसंच राहतं आणि मागाहून उभं होतं. म्हणून सहा फुटी. सहा फुटीला पन्नास एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर हवा, तो घरचाच होता. सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर कृषी यांत्रिकीकरणातून ४० ते ५० टक्के अनुदानाची सोय आहे, मर्यादेत. कागदपत्रांच्या त्या फेऱ्यांचं चित्रण केलं असतं तर वेगळाच माहितीपट झाला असता.

दुसरी गोष्ट पाती.

(जमिनीवर पोतं अंथरलेलं. त्यावर दोन तऱ्हेची पाती.)

डावीकडचं वाय आकाराचं. पातळ, धारदार, गवताला उत्तम. उजवीकडचा हातोडा. जड, बोथट, झुडपं ठेचणारा. विक्रेते हातोडाच गळ्यात मारायला बघतात, कारण तो सगळं तोडतो. आबांच्या रानात नव्वद टक्के गवत आहे, म्हणून त्यांनी वाय पाती घेतली. अंगठ्याहून जाड वेडी बाभूळ आली की पुतण्या खाली उतरून कुऱ्हाड घेतो. नुसती छाटलेली बाभूळ बुंध्यातून पुन्हा फुटतेच, तिला मुळापासूनच काढावं लागतं.

(किराणा दुकानातला वजनकाटा. त्यावर एक झिजलेलं पातं, मग एक नवं.)

हे दृश्य आम्ही ठरवून घेतलेलं नाही. एक पातं तुटलं होतं, आणि आबा नवं घेऊन थेट दुकानात शिरले. जुनं नव्यापेक्षा ६० ग्रॅमनं हलकं भरलं. साठ ग्रॅम म्हणजे कोंबडीचं एक अंडं. पण पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्याच्या, मिनिटाला ५४० फेऱ्या गिअरबॉक्स आणि पट्ट्यांतून वाढत रोटरपाशी २,००० च्या घरात जातात. पात्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटर होतो. त्या वेगाला हा अंडाएवढा फरक रोटरला सुमारे ५० किलोच्या जोरानं एका अंगाला ओढतो, प्रत्येक फेरीला. आधी थरथर, मग रोटर ज्यावर फिरतो ते बेअरिंग तापतं आणि जातं. म्हणून पातं एकटं बदलायचं नाही, समोरच्या बाजूचंही बदलायचं. दुकानदारानं काटा पुसून घेतला, एवढीच त्याची तक्रार.

(कुरण. माणसं रांगेनं चालत दगड, तारा, बाटल्या वेचतात.)

यंत्र रानात घालण्याआधी दोन दिवस हे काम. मुठीएवढा दगड पातं सोसतं. पण गवतात हरवलेली काटेरी तार रोटरला गुंडाळली, तर ती कापून काढण्यात दुपार जाते.

(ट्रॅक्टर उभा. पुतण्या यंत्रामागे वाकलेला.)

"आरं, चावी काढ आधी."

"काढलीय की, आबा."

"दाव."

(हातातली चावी. हसू.)

मागचा रोलर पाहा. उंची तो ठरवतो. आबांनी तो पाच इंचांवर बसवलाय. उंची ठेवायची ती ४ ते ६ इंच, त्याखाली नाही. गुळगुळीत कापलं की काम चोख झालं असं वाटतं, आणि नवीन माणूस तिथंच चुकतो. बारमाही गवताचा जीव बुडख्यात असतो, पुढच्या फुटव्याची शिदोरी तिथंच. ते खरवडलं तर मारवेल हटतो आणि मोकळ्या जागी गाजरगवत येतं. पाती मातीला लागली की झिजतात, ते वेगळंच.

(ट्रॅक्टर सुरू. पीटीओ जोडला जातो. आवाज चढत जातो. यंत्रामागे कुट्टीचा पडदा.)

आधी रोटर पूर्ण वेगात, मग गाडी पुढे. वेग चालत्या माणसाएवढा. यंत्राच्या पुढच्या झडपा दगड अडवतात, सगळे नाही, म्हणून पुढे-मागे कुणी उभं राहायचं नाही. फिरत्या शाफ्टजवळ उपरणं नको, पदर नको. आणि तोंडाला फडकं हवंच. पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत भरलेलं हे गाजरगवत वाळलं, तरी त्याच्या धुळीनं अंगाला खाज सुटते.

खरं तर गाजरगवताला माघ उशिराच. एका झाडाच्या हजारो बिया तोवर खाली पडलेल्या असतात. त्याला फुलण्याआधी, भाद्रपदातच हाणायचं. पण तेव्हा चंडोलासारख्या पक्ष्यांची घरटी जमिनीवर असतात, म्हणून आबा तेव्हा फक्त गाजरगवताची बेटं कापतात.

(वरून दृश्य. अर्धं रान उभं, अर्धं कापलेलं.)

रस्त्याकडेचा पट्टा दोनदा कापलाय आणि तिथली कुट्टी दाताळ्यानं ओढून काढलीय. वनखात्याच्या जाळरेषेसारखीच ही, कुणी बिडी टाकली तरी आग इथं अडावी म्हणून. आतली कुट्टी पेटतच नाही असं नाही. पण ती जमिनीला चिकटून असते, ज्वाळा चढायला उभ्या काड्या नाहीत. तिचं पुढं काय होतं, ते वाळवी बघते.

पूर्वी हे रान साफ करायला वाडीतल्या आठ-दहा बाया विळे घेऊन यायच्या. यंदा त्या चारा कापणीपुरत्या आल्या.

(संध्याकाळ. ट्रॅक्टर बंद. धूळ खाली बसतेय. बांधावरून मेंढरं जातात, घंटांचा आवाज.)

दिवसभरात सहा एकर. पुतण्या ग्रीसगन आणायला शेडकडे गेलाय. आबा रोटरच्या टोकाशी वाकतात, बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवतात आणि तसेच थांबतात.

(जवळून. तळहात. पाच सेकंद.)

"टिकतोय हात," ते म्हणतात. मग दुसऱ्या टोकाकडे जातात.