वरच्या गावाची हाक

नमस्कार श्रोतेहो.

आपली कापसाची काळी जमीन मुळात ज्वालामुखीची देणगी. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर साचले, त्यांचा काळा दगड झाला आणि तो झिजून ही माती झाली. आपल्याकडची ती धग केव्हाच विझली. पण जिथे ज्वालामुखी जागे आहेत, तिथल्या नदीकाठच्या लोकांना धास्ती असते ती चिखलाची. डोंगरावरची राख पावसात किंवा वितळलेल्या बर्फात मिसळते आणि कालवलेल्या सिमेंटसारखा लोंढा धोंडे घेऊन पात्रातून सुटतो. जावा बेटावर त्याला ‘लाहार’ म्हणतात. जगभर आता हाच शब्द चालतो.

13 नोव्हेंबर 1985. कोलंबियातल्या नेवादो देल रुईस पर्वताचा रात्री नऊच्या सुमारास स्फोट झाला. आर्मेरो गावावर लोंढा आला साडेअकराच्या आसपास. मध्ये दोन तासांहून जास्त वेळ होता! धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता, त्यात आर्मेरो होतं. 1845 मध्ये त्याच खोऱ्यात असाच चिखल येऊन सुमारे हजार माणसं गेली होती. तरी त्या संध्याकाळी रेडिओवरून लोकांना सांगितलं गेलं, शांत राहा, घरातच थांबा. सुमारे 23,000 माणसं दगावली. याच माध्यमातून तुमच्याशी बोलताना हे आठवलं की माझा घसा दाटतो.

आता जावातला मेरापी पर्वत बघा. 2010 च्या उद्रेकानंतर कित्येक पावसाळे तिथे लाहार येत राहिले. वरच्या गावातली पोरं नदीवर पहारा द्यायची, हातातल्या वायरलेसवरून खाली कळवायची. खाली कुणीतरी केंतोंगान बडवायचं. केंतोंगान म्हणजे पोकळ बांबू, लांबीच्या बाजूनं चीर पाडलेला. आपल्या दवंडीच्या डफासारखंच त्याचं काम. सरकारी यंत्रं होतीच, पण पळायचं कुठे, म्हातारीला उचलायचं कुणी, हे गावानं आधी ठरवलेलं होतं.

माझं आजोळ सुकी नदीच्या काठी. सातपुड्यात पाऊस झाला की आमच्याकडे आभाळ कोरडं असलं तरी पाणी चढायचं. आधी पालापाचोळा, काटक्या, मग गढूळ फेस. वरच्या पाड्याचा गुराखी धावत यायचा, “नदीले पूर उना रे!” आजी धुणं तसंच टाकून आम्हाला वर ओढायची.

31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांनी काय केलं, कन्नड घाटात दरडी कशा कोसळल्या, ते तुम्ही विसरला नसाल. लाहार आपल्याकडे येणार नाही, पण डोंगरातून पाणी आणि चिखल येतोच.

म्हणून एक विनंती. तुमच्या नदीवर तुमच्या वरचं गाव कोणतं, तिथल्या दोन माणसांचे नंबर घ्या आणि पारावरच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहा. रात्री भोंगा कोण लावणार, वीज गेली तर डफ कुणाच्या घरी आहे, तेही त्याखाली लिहा. आणि तुमचे नंबर खालच्या गावाला द्या.

नमस्कार.