"फोटोसाठी नेलं असेल"

श्रोतेहो, नमस्कार.

२२ ऑगस्ट १९११. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एक चित्रकार सकाळी कामाला आला. समोर 'मोनालिसा' असायला हवी होती, पण भिंतीवर चार लोखंडी आकडे तेवढे दिसत होते. पहारेकरी म्हणाला, फोटोसाठी नेलं असेल. बिचाऱ्याचं काय चुकलं? फोटोसाठी चित्रं तशी नेहमीच खाली उतरायची. प्रत्यक्षात मोनालिसा आदल्या दिवशीच, म्हणजे सोमवारी, संग्रहालय बंद असताना गेली होती. नेणारा विन्चेन्झो पेरुज्जा पूर्वी तिथंच चित्रांना काचा बसवायच्या कामावर होता. अंगात कामगारांचा पांढरा डगला, मग त्याला हटकणार कोण? चित्र सापडायला दोन वर्षं लागली.

कलाकृतीची चोरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे छतातून दोरानं उतरणारा बहाद्दर येतो. मला मात्र तो पहारेकरी जास्त आठवतो. चोराला दोरापेक्षा आपल्या सवयीच अधिक उपयोगी पडतात.

व्हिएन्नाचंच बघा. मे २००३. दुरुस्तीसाठी संग्रहालयाला परांची बांधलेली. चोर तीवरून चढला, खिडकी फोडून आत शिरला आणि इटालियन शिल्पकार चेल्लिनीनं घडवलेलं सोन्याचं मीठदान घेऊन गेला. अलार्म वाजला होता, बरं का! पण तो उगाचच वाजतोय असं समजून पहाऱ्यावरच्यांनी बंद केला. पुढे चोर पकडला गेला, तर तो अलार्म बसवण्याच्याच धंद्यातला निघाला. मीठदान २००६ मध्ये जंगलात पुरलेलं सापडलं.

वाऱ्यानं पडदा हलला, सेन्सरवर कोळी चढला, तरी अलार्म वाजतो. दहादा असं झालं की अकराव्यांदा कोणी उठत नाही. म्हणून प्रत्येक खोट्या गजराची वेळ आणि कारण वहीत लिहायचं आणि दोष त्याच आठवड्यात काढायचा. कैरोच्या एका संग्रहालयातून २०१० साली व्हॅन गॉगचं चित्र भरदिवसा चौकटीतून कापून नेलं, तेव्हा तिथल्या ४३ कॅमेऱ्यांपैकी ७ चालू होते. आणि बॉस्टनच्या एका संग्रहालयात १९९० मध्ये चोरांच्या अंगावर पोलिसांचा गणवेश पाहून रखवालदारानंच दार उघडलं; १३ कलाकृती गेल्या, त्या अजून परतलेल्या नाहीत.

चित्राचा फोटो समोरून सगळेच काढतात. मागूनही काढा. चौकटीवरचे जुने शिक्के, चिकटवलेले कागद, लाकडाची भेग या खुणांची नक्कल करणं अवघड असतं. आणि नेमकी ओळख पटवता येत नसेल, तर इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेच्या चोरीच्या कलाकृतींच्या यादीतही वस्तू चढत नाही.

आणखी एक बिनखर्चाची गोष्ट. वस्तू जागेवरून हलवली की तिथं चिठ्ठी लावायची: काय नेलं, कोणी, कुठं, परत कधी येणार, खाली सही. आणि चिठ्ठी नसलेली रिकामी जागा दिसली, तर आधी दरवाजे बंद करायचे, चौकशी नंतर.

नमस्कार.