तहानेने राखलेले रान : संजय गांधी राष्ट्रीय उद्यान

बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलाला पश्चिमेकडे मुंबईच्या उपनगरांचा आणि पूर्वेकडे ठाणे शहराचा वेढा पडलेला आहे. जिथे जागेचा सौदा चौरस फुटांवर होतो तिथे एवढे रान शिल्लक राहिले, ते काही सर्वस्वी निसर्गप्रेमापोटी नव्हे. पाण्याची गरज होती म्हणून ते राखले गेले.

या डोंगरात पाणी साठवण्याची कला फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षे बौद्ध भिक्षूंनी कान्हेरी येथे शंभरहून अधिक लेणी कोरून घेतली आणि त्यासाठी कल्याण, सोपारा, नाशिक येथील व्यापाऱ्यांनी दाने दिल्याचे तिथले शिलालेख सांगतात. पर्यटक बहुधा तिसऱ्या क्रमांकाच्या भव्य चैत्यगृहातच रेंगाळतात. पण खरी नवलाई पाहायची, तर लेण्यांच्या माथ्यावरचा उघडा कातळ निरखून पाहावा. त्यावर बोटभर खोलीचे पाट खोदलेले दिसतात. पावसाचे पाणी या पाटांतून उतरून लेण्यांच्या अंगणातील पोढ्यांमध्ये जमा होते. तोंड लहान आणि आतून ऐसपैस अशी ही टाकी असल्यामुळे उन्हाळ्यातही पाणी टिकावे, अशीच त्यांची योजना होती.

एकोणिसाव्या शतकात मुंबईची वस्ती वाढली, विहिरी अपुऱ्या पडू लागल्या आणि शहराची नजर याच डोंगरांकडे वळली. १८६० साली विहार आणि १८७९ साली तुलसी हे तलाव पूर्ण झाले. तलावात गाळ येऊ नये आणि पाणी स्वच्छ राहावे म्हणून भोवतालच्या पाणलोट क्षेत्रातील झाडी राखणे भाग पडले. पुढे कृष्णगिरी उपवन, त्यानंतर बोरिवली राष्ट्रीय उद्यान आणि अखेर आजचे नाव, अशी कागदोपत्री स्थित्यंतरे होत गेली. बोरिवलीकर मात्र अजूनही नुसते ‘नॅशनल पार्क’च म्हणतात.

साग, पळस, काटेसावर आणि पांढऱ्याफटक खोडाचा कांडोळ ही इथली ओळखीची झाडे आहेत. कारवी साधारण आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस डोंगरउतार जांभळे होतात. तिच्या सरळ काठ्या उभ्या करून, त्यांवर माती-शेणाचा गिलावा देऊन इथले वारली कुडाच्या भिंती उभारत आले आहेत. वाघोबाला देव मानणाऱ्या या पाड्यांना बिबट्याचा शेजार नवा नाही. जंगलाच्या काठावर कचरा साठतो, कचऱ्यामागे भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. त्यामुळे त्याला पिंजऱ्यात धरण्यापेक्षा कचरा उचलणे अधिक शहाणपणाचे ठरते.

जंगलावर अतिक्रमणही कमी झाले नाही. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते हटवण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर हजारो झोपड्या पाडण्यात आल्या. मात्र पिढ्यानपिढ्या जंगलात राहणाऱ्या आदिवासींना त्याच मापाने मोजणे न्यायाचे नाही.

सकाळी फिरायला येणारे, भाड्याच्या सायकली घेऊन कान्हेरीचा चढ चढणारे तरुण, गांधी टेकडी, वाघ-सिंहांची सफारी आणि अनेक पिढ्यांनी जिच्यात बसायचा हट्ट धरला ती ‘वनराणी’ ही छोटी आगगाडी, अशी या उद्यानाची लोकप्रिय बाजू आहे. ही सारी वर्दळ जंगलाच्या एका लहानशा पट्ट्यात चालते. सोमवारी उद्यान बंद असते. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांमध्ये तुलसी आणि विहार आज सर्वात लहान आहेत, तरीही त्यांच्या काठावर सहलींना मोकळीक नाही; आणि शहराचे एकंदर वळण पाहता ती नसलेलीच बरी.