सोलापूर, मे 1930

सोलापूर. एका पेठेत मराठी, पुढच्या पेठेत तेलुगू, पलीकडे कन्नड आणि उर्दू. गिरणीच्या भोंग्यावर उठणारं, कामगारांचं शहर. एप्रिल 1930 मध्ये इथल्या नगरपालिकेनं आपल्या इमारतीवर तिरंगा चढवला. सरकारी यंत्रणेच्याच एका छपरावर काँग्रेसचा झेंडा! कलेक्टरला हे किती झोंबलं असेल, याची कल्पना करा.

5 मे. मध्यरात्र उलटली आणि दांडीजवळच्या कराडी गावात गांधीजींना अटक झाली. बातमी सोलापुरात पोचताच हरताळ पडला, गिरण्या बंद झाल्या.

8 मेला लोक शिंदीची झाडं तोडायला निघाले. दारूबंदी हा सविनय कायदेभंगाच्या चळवळीचाच भाग होता, आणि या झाडांच्या रसापासून होणाऱ्या शिंदी नावाच्या दारूवर सरकारचा महसूल चालत होता. धरपकड झाली, जमाव वाढला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शंकर शिवदारे हा तरुण गेला. मग शहर बिथरलं. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी पेटली, न्यायालय जळालं, दोन पोलीस जमावाच्या हातून मारले गेले. हा भाग आपण बहुतेक वेळा भरभर सांगून मोकळे होतो. पण पुढचा खटला याच दोन मृत्यूंवर उभा राहिला.

पोलीस शहरातून निघून गेले. पुढचे तीन-चार दिवस सोलापुरात इंग्रजांचा अंमल नव्हता. स्वयंसेवक रस्त्यांवर बंदोबस्त पाहत होते.

12 मेच्या रात्री लष्कर आलं. मार्शल लॉ पुकारला गेला, तो 30 जूनपर्यंत टिकला. आणि सत्तेचा राग कशावर निघाला? टोप्यांवर. शिपाई लोकांच्या डोक्यावरच्या गांधी टोप्या उतरवत होते. झेंडा बाळगणं हा गुन्हा ठरला, त्यासाठी वर्षानुवर्षांच्या कैदेची धमकी होती. एवढी फौज बाळगणाऱ्या साम्राज्याला हातभर खादीची भीती वाटत होती.

खटल्यात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी. श्रीकिसन सारडा. जगन्नाथ शिंदे. आणि कुर्बान हुसेन, विशीतला पत्रकार, ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवणारा. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान: सोलापूरच्या पेठाच जणू आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या होत्या. आम्ही खून केलेला नाही, हे त्यांचं म्हणणं कोर्टानं मानलं नाही.

12 जानेवारी 1931. येरवडा कारागृहात चौघंही फासावर गेले.

पुढच्याच महिन्यात दिल्लीत गांधीजी आणि व्हाइसरॉय आयर्विन बोलणी करायला बसले. 5 मार्चला करार झाला आणि सत्याग्रहाचे हजारो कैदी सुटले. सोलापूरचे चौघं तोवर जिवंत असते, तरी त्यांना या कराराचा उपयोग नव्हता. हिंसेचा आरोप असलेल्यांना त्यात जागाच ठेवलेली नव्हती.