ठणकणारा कान आणि तेलाची वाटी

(सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावात, वाचनालयाच्या सभागृहात, एका कान-नाक-घसातज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)

माता-भगिनींनो आणि बंधूंनो,

कान ठणकू लागतो तो बहुधा मध्यरात्री. दिवसभर हुंदडलेले मूल कान धरून रडत उठते, घरातली आजी खोबरेल तेलात लसणीच्या चार पाकळ्या कडकडवते आणि कोमट झालेले ते तेल नातवाच्या कानात सोडते. त्यामागची माया मी जाणतो; माझ्याही कानात माझ्या आजीने हेच तेल घातले आहे. तरीही या किनाऱ्यावर इतकी वर्षे कान तपासल्यानंतर मला कळकळीने सांगायचे आहे, की कानात काहीही घालण्याआधी कोणाला तरी कानात पाहू द्यावे. कारण कानदुखी हा एकच आजार नसून निदान तीन निरनिराळ्या ठिकाणांहून येणारी तक्रार आहे, आणि तेल त्यांतल्या एकाही तक्रारीवरचे औषध नाही.

पहिले ठिकाण बाहेरच्या कानाचे. कानाच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतचा बोगदा मोठ्या माणसात जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब असतो. त्यातला मळ ही घाण नव्हे. तो किंचित आम्लधर्मी असतो, पाणी मुरू देत नाही, आणि बोगद्याची त्वचा आतून बाहेर सरकत असल्यामुळे तो आपोआप बाहेर येतो. आपल्याकडे मिरगापासून भाद्रपदापर्यंत दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तर त्या अरुंद बोगद्यातली ओल कशी वाळणार? त्यात विहिरीत, नदीत डुंबणे आले. कानाला खाज सुटते आणि मग हाताशी येईल ते कानात जाते.

एक बागायतदार माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात माडाच्या झावळीचा हीर होता, टोकाला कापूस गुंडाळलेला. रोज जेवणानंतर कान कोरायची त्यांची सवय होती; ठणका लागल्यावर दहा दिवस तेलही चालू होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर सारा बोगदा ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारख्या करड्या थराने भरलेला होता आणि त्यावर बारीक काळे ठिपके होते. ती अस्परजिलस नावाची बुरशी. थर शोषून काढला, बुरशीनाशक थेंब दिले आणि तीन आठवडे कान कोरडा ठेवायला सांगितले. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवला की पाणी आत जात नाही. फेरतपासणीला आले तेव्हा तो हीर त्यांनी माझ्यासमोरच मोडून टाकला.

बाहेरच्या कानाचे दुखणे घरीही ओळखता येते. कानाची पाळी हलकेच ओढली किंवा छिद्रापुढचा कुर्चेचा उंचवटा दाबला, की रुग्ण कळवळतो. मधल्या कानाच्या दुखण्यात सहसा असे होत नाही.

मधला कान पडद्याच्या पलीकडे असतो आणि एका नळीने नाकाच्या मागच्या बाजूला जोडलेला असतो. तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. आंबोलीचा घाट चढताना कानात दडे बसतात आणि आवंढा गिळल्यावर सुटतात, ते याच नळीचे काम. लहान मुलांत ही नळी आखूड आणि बरीचशी आडवी असते, त्यामुळे सर्दी झाली की ती सुजून बंद होते, मधल्या कानात पाणी साठते, त्याचा पू होतो आणि पडद्यावर आतून दाब येतो. सर्दीनंतर दोन-चार दिवसांनी ताप येणे, बोलता न येणाऱ्या बाळाने सारखा कान ओढणे, दूध ओढताना रडणे, ही त्याची लक्षणे. आधी वेदना शमवावी. त्यासाठी वजनाच्या मापाने पॅरासिटामॉल पुरते. दोन वर्षांवरच्या मुलाचे दुखणे सौम्य असेल तर डॉक्टर दोन-तीन दिवस लक्ष ठेवून मगच प्रतिजैविकाचा निर्णय घेतात. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र थांबायचे नसते. कधी पडदा फुटून पू वाहतो आणि ठणका एकाएकी थांबतो. घरच्यांना वाटते, तेलाने गुण आला. असा पडदा बहुधा काही आठवड्यांत भरून येतो, पण त्या काळात कानात घातलेला प्रत्येक थेंब थेट मधल्या कानात उतरतो. मागच्या वेळची उरलेली बाटलीसुद्धा वापरू नये, कारण काही थेंबांतली औषधे फुटक्या पडद्यातून आत गेल्यास श्रवणशक्तीला धोका पोहोचवू शकतात.

तेलाला मी एकच जागा देईन. धडधाकट कानात जिवंत किडा शिरला तर दोन-तीन थेंबांनी तो मरतो. मग डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकललेली दिसली, तोंड वाकडे झाले, गरगरू लागले, मान ताठली किंवा मूल गुंगीत गेले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मधुमेही वृद्धाचा रात्ररात्र ठणकणारा कान हीही तितकीच तातडीची बाब आहे, कारण त्यांच्यात बाहेरच्या कानाचा संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत पोहोचू शकतो.

मुलांचे कान जपण्याचे उपाय घरातच आहेत. सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे आणि बाटली द्यावीच लागली तर बाळाला आडवे ठेवून देऊ नये. चुलीच्या व विडीच्या धुरापासून बाळ दूर ठेवावे. सरकारी लसीकरणात 2021 पासून देशभर मिळणारी न्यूमोकोकल लस (कानाचा संसर्ग आणि न्यूमोनिया घडवणाऱ्या एका जंतूविरुद्धची) 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिने या वयांत चुकवू नये.

तिसरे ठिकाण कानाच्या बाहेरच आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते. किडलेली दाढ, सुजलेले टॉन्सिल, जबड्याचा सांधा यांच्या वेदना समान मज्जातंतूंमुळे कानात जाणवतात. एका मच्छीमार बंधूंचा उजवा कान दीड महिना दुखत होता आणि तीन प्रकारचे थेंब घालून झाले होते. कान पूर्ण निरोगी निघाला. तोंड उघडायला सांगितले, तेव्हा जिभेच्या मुळाशी, उजव्याच बाजूला, कडा टणक झालेली जखम दिसली; अशी जखम कर्करोगाची असू शकते. तंबाखू, मिश्री किंवा विडीची सवय असलेल्या माणसाचा एकच कान दोन-तीन आठवडे दुखत राहिला, गिळताना कळ कानात गेली, तर तपासणाऱ्याला कानाबरोबर घसाही पाहायला सांगा. घरातल्या मिश्री लावणाऱ्या आई-आजींनाही हे लागू आहे, आणि त्या आपणहून सांगणार नाहीत; त्यांना तुम्हीच विचारायला हवे.