झगा चादरीचा, अस्वल टॉवेलचं

[दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. यंत्रमागांचा खडखडाट. आवाज हळू होत जातो.]

सोलापुरात कापडाला तोटा नाही. मागांवरून चादरी उतरतात, टर्किश टॉवेल उतरतात. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत कात्रीखाली दिवसभर तुकडे पडत असतात. तरीही पार्टीच्या निमंत्रणात 'थीम' हा शब्द दिसला, की घरोघरी पहिली चिंता पैशाची. मग वेश भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडे धाव, डिपॉझिट, आणि कुणाच्या तरी मापाचा झगा पिना टोचून अंगावर बसवायचा. वेळच नसेल तर तेही ठीक. पण खोलीत शिरताच सगळ्यांच्या माना वळवणारा वेश बघा, तो बहुतेकदा घरात बनलेला असतो.

त्यात एक गोष्ट जीव लावून केलेली असते. एकच. उजेड कमी असला, माणूस पाठमोरा असला, तरी त्या एका खुणेवरून कळायला हवं की हा कोण. राजाला खांद्यावरून जमिनीपर्यंत येणारा घोळ हवा. अस्वलाला कान हवेत. हातात 100 रुपये असोत की 5,000, आधी ती खूण ठरवायची आणि पैसा, वेळ, डोकं तिथं लावायचं. बाकीचं कपाटातलं चालतं.

[दृश्य: खाटेवर उलगडलेली सोलापुरी चादर. नक्षीवरून फिरणारा हात.]

राजाचा झगा तर घरात घडी घालून ठेवलेलाच आहे. सोलापुरी चादर. भौगोलिक मानांकन मिळालेली, जकार्डची, म्हणजे मागावरच विणलेली ठसठशीत नक्षी असलेली, आणि उलटसुलट दोन्ही बाजूंनी बघण्यासारखी. दुकानातल्या चकचकीत सॅटिनला हा भारदस्तपणा येत नाही. कारण झग्याची शान वजनात असते. चादर जड, म्हणून ती चालताना फडफडत नाही, मागून संथ ओढली जाते.

पण हेच वजन गळ्याला काच देतं. चादर गळ्याशी गाठ मारून बांधली, तर अर्ध्या तासात ती मागे सरकते आणि नाडी गळ्यात रुतते. उपाय सोपा आहे. चादरीची वरची कड दुमडून खांद्याच्या रुंदीएवढ्या चुण्या घालायच्या. दोन्ही खांद्यांजवळ आतून एकेक लांब नाडी टाचायची. त्या नाड्या छातीवर फुलीसारख्या आणायच्या, काखेखालून मागे न्यायच्या आणि पाठीवर, झग्याच्या आत बांधायच्या. आता सगळा भार खांद्यांवर आला, गळा मोकळा झाला. चादरीला कात्री मात्र लावू नका. मोठा धावदोरा घाला, पार्टी झाली की उसवा. रात्री तीच चादर पांघरायला.

टॉवेलचं अस्वल लहान मुलांसाठी. टॉवेलचे फासे लांबून केसाळ कातड्यासारखे दिसतात, त्यामुळे महागडं फरचं कापड लागतच नाही. तपकिरी टॉवेलची टोपी शिवा, कानांत जुन्या उशीचा कापूस भरा. फक्त इथला उन्हाळा विसरू नका. चाळिशी ओलांडलेल्या उकाड्यात पोराला टॉवेलात गुंडाळलं, तर ते केक कापायच्या आधीच रडेल. म्हणून टॉवेल फक्त पोटावर आणि डोक्यावर. पाठीला साधा सुती गंजी.

[दृश्य: भैया चौक. डॉ. कोटणीस यांचं स्मारक.]

थीम 'थोर माणसं' असेल, तर सोलापूरकराने लांब जायचं कारण नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच. 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांचा वेश म्हटलं की पांढरा कोट आणि स्टेथोस्कोप पुढे येतो. पण पांढऱ्या कोटात कुठलाही डॉक्टर दिसतो. कोटणीस दिसतात ते तिथल्या सैन्याच्या साध्या गणवेशात, डोक्यावर कापडी टोपी घातलेले. खूण ती टोपी आहे. राखाडी शर्ट गणवेशाच्या दुकानात मिळतो, तसल्याच कापडाच्या तुकड्यातून टोपी शिवून होते. छज्ज्यात वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा घातला की ती ताठ उभी राहते. शर्ट फार नवा वाटला, तर चहाच्या उकळलेल्या पाण्यात बुडवून काढा. कोरेपणा जातो. स्वस्तात होणारा हा वेश मला इथल्या सगळ्या वेशांत जवळचा वाटतो.

एक सांगायलाच हवं. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतली पांढरीशुभ्र बाराबंदी, म्हणजे बंदांचा अंगरखा, पार्टीला घालू नये असं मला मनापासून वाटतं. ती यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजांबरोबर चालणाऱ्यांची आहे, श्रद्धेची आहे. तिची शिवण मात्र शिकण्याजोगी. चेन नाही, बटण नाही, बंद बांधून अंगावर बसते. आपला वेशही बंदांवर शिवला, तर पुढच्या वर्षी धाकट्याला होतो, शेजारच्या जाडजूड पोरालाही होतो.

[दृश्य: टेबलावर फोमचा मुकुट, फेविकॉलचा डबा, ब्रश.]

मुकुट, तलवार, ढाल यांना पुठ्ठा किंवा फोमची शीट पुरते. थेट रंग लावला तर फोम तो पिऊन टाकतो आणि सोनेरी रंग मळकट दिसतो. आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या, मग रंग. चेहऱ्याला चित्रकलेचे रंग अजिबात नकोत. मेकअपचेच घ्या, तेही आदल्या दिवशी मनगटावर लावून बघा.

आणि आदल्या संध्याकाळी सगळा वेश चढवून घरात वावरा. खाली बसा, पाणी प्या, जिना उतरा. पार्टीला दुचाकीवर जाणार असाल तर झगा घरून घालून निघू नका. घोळ चाकात अडकतो. तो पिशवीत घ्या, मुकुट हँडलला अडकवा, आणि नाड्या दारात पोचल्यावर कुणाकडून तरी बांधून घ्या.